कायरोप्रॅक्टरकडे पहिल्यांदा जाताय? आधी एवढं समजून घ्या

फोनवर सध्या एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. टेबलावर कुणीतरी पालथं झोपलेलं असतं, पाठीजवळ छोटा माइक लावलेला असतो आणि कायरोप्रॅक्टरचे दोन्ही हात मणक्यावर टेकलेले असतात. एक झटका बसतो, कडकड आवाज येतो आणि पुढच्या क्षणी त्या माणसाचा चेहरा खुलतो. कुणाची कित्येक वर्षांची कंबरदुखी, कुणाची आखडलेली मान, सगळं अर्ध्या मिनिटात मोकळं. ज्याची स्वतःची कंबर धरली आहे, रात्री कूस बदलतानाही ज्याला जाग येते, त्याला वाटणारच की आपणही एकदा जाऊन यावं.

जायला हरकत नाही. मात्र झटक्याआधी त्या माणसाला काय विचारलं, काय तपासलं, आणि महिन्याभरानंतर त्याची कंबर कशी होती, हे व्हिडिओत येत नाही. कायरोप्रॅक्टिक हा कंबर आणि मानेच्या काही दुखण्यांवरचा मर्यादित उपयोगाचा उपचार आहे. तेवढीच अपेक्षा ठेवून गेलात आणि पहिल्याच भेटीत नीट प्रश्न विचारलेत, तर फायदा पदरात पडू शकतो. त्याहून मोठं काही कबूल करणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या उपचारात नेमकं काय करतात?

कायरोप्रॅक्टर सहसा औषधं लिहून देत नाहीत आणि शस्त्रक्रिया करत नाहीत. त्यांचं काम हातांनी चालतं. सांधा त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथून अगदी थोड्या अंतराचा, पण वेगवान दाब द्यायचा. सगळं सेकंदाच्या पाचव्या-दहाव्या भागात आटपतं. याला ते 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतात. आपण पुढं साधं 'झटका' म्हणू.

सगळेच उपचार झटक्याचे नसतात. सांधा हळूहळू हलवणं, स्नायूंवर दाब देणं, स्प्रिंगच्या छोट्या यंत्रानं टिचकीसारखा ठोका देणं आणि व्यायाम शिकवणं हेही त्यात येतं. झटक्याचं तंत्र कित्येक फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथही (हाडं-सांध्यांवर हातांनीच उपचार करणारे, पण वेगळ्या परंपरेतले) वापरतात. म्हणून पुढं संशोधनाचे निष्कर्ष येतील, ते बहुतांशी या तंत्राबद्दलचे आहेत, एका व्यवसायापुरते नाहीत.

शिक्षणाची तऱ्हा देशोदेशी वेगळी आहे. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये हे शिक्षण विद्यापीठात, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जोडीनं होतं. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय कुणाला स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. पण अनेक देशांत असा कायदाच नाही. तिथं चार-पाच वर्षं शिकलेला आणि चार दिवसांची कार्यशाळा करून आलेला, दोघांच्याही दारावर एकच पाटी दिसू शकते. त्यामुळे कुठं शिकलात, किती वर्षं शिकलात आणि नोंदणी कुठं आहे, हे विचारायला मुळीच संकोचू नका.

एका व्यवसायात दोन विचार

हा सगळा प्रकार सुरू झाला १८९५ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात. डॅनियल डेव्हिड पामर हे तिथं चुंबकीय शक्तीनं रोग बरे करण्याचा व्यवसाय करत. त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांना ऐकू येत नसे. पामर यांनी त्यांच्या पाठीतला एक मणका दाबला आणि लिलार्ड यांना ऐकू यायला लागलं, अशी ती कथा. ऐकण्याची नस कानातून कवटीच्या आतच मेंदूकडे जाते, पाठीच्या वाटेला ती फिरकतही नाही. तरीही या प्रसंगावरून पामर यांनी सिद्धान्त मांडला की मणके किंचित सरकल्यामुळे नसांवर दाब येतो आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात. या सरकण्याला त्यांच्या परंपरेत 'सबलक्सेशन' म्हणतात.

आजचे बरेच कायरोप्रॅक्टर ही कल्पना मागं टाकून स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यापुरतं काम करतात. काही जण मात्र अजून तिलाच धरून आहेत. ब्रिटनमधल्या त्यांच्याच नियामक परिषदेनं, जनरल कायरोप्रॅक्टिक काउन्सिलनं, २०१० मध्ये जाहीर केलं होतं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि त्यामुळे रोग होतात या दाव्याला संशोधनाचा आधार नाही.

समोरचा कुठल्या विचाराचा आहे हे ओळखणं फार अवघड नाही. दुखणं कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं उतरतं हे तो विचारत असेल तर चांगलं लक्षण. काहीही त्रास नसला तरी तुमचे मणके सरकलेत आणि ते आयुष्यभर 'जागेवर' ठेवावे लागतील, असं तो सांगत असेल तर उठून यावं.

तो कडकड आवाज कशाचा?

हाडांवर हाड घासल्याचा नाही, आणि काही जागेवर बसल्याचाही नाही. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो, त्यात वायू विरघळलेला असतो. ओल्या काचेच्या दोन तुकड्यांचं कसं होतं ते आठवा: एकमेकांना चिकटलेले असतात, ओढताना ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतात. सांध्याची टोकं अशी झटकन दूर झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज त्या क्षणी येतो.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे एमआरआय यंत्रात पाहिलं. बोटं एका कायरोप्रॅक्टरचीच होती. एकेक बोट नळीत अडकवून हळूहळू ओढायचं आणि चित्रण चालू ठेवायचं. सांधा सुटला की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत तिथं काळी पोकळी उमटायची. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात, हे बोटं मोडायची सवय असणाऱ्यांना ठाऊकच असेल.

आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असं नाही. २००४ च्या एका अभ्यासात पाठीवर कंपन टिपणारी उपकरणं लावून आवाज नेमका कुठून येतो ते मोजलं होतं. कमरेच्या बाबतीत जो सांधा धरून झटका दिला, तिथूनच आवाज आला असं निम्म्याच वेळा घडलं. झटक्यानंतर आवाज आला नाही तरी दुखणं कमी झाल्याचंही इतर अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून आवाज आला नाही तर 'पुन्हा एकदा द्या' असा आग्रह धरू नका, आणि आवाजासाठी जोर वाढवत नेणाऱ्याला थांबवा.

मग आराम का पडतो?

'तुमचं हाड सरकलं होतं, बसवलं' हे वाक्य कितीही दिलासा देणारं असलं तरी खरं नाही. मणका खरोखर निखळला तर तो माणूस रुग्णालयात असतो, अ‍ॅडजस्टमेंटच्या टेबलावर नसतो. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पाठीच्या कण्याचा खालचा भाग आणि कटीचं हाड यांच्यामधल्या सांध्याची जागा झटक्याआधी आणि नंतर अतिशय बारकाईनं मोजली होती. ती बदललेली नव्हती.

तरीही बरं वाटणं खोटं नसतं. झटक्यामुळे स्नायूंची धरलेली गाठ काही वेळ सैल पडते. सांध्यातून मेंदूकडे हालचालीचे संदेश जातात आणि दुखण्याचे संदेश थोडे दबतात. त्यात आपलं कुणीतरी नीट ऐकून घेतलं, आपल्या दुखऱ्या जागेला विश्वासानं हात लावला, याचाही वाटा असतो, आणि तो मी मुळीच कमी लेखत नाही. हा आराम अनेकदा काही तास किंवा काही दिवस टिकतो. खरा उपयोग तेव्हाच करून घ्यायचा असतो: कंबर मोकळी आहे तोवर चालायचं, वाकायचं, सांगितलेले व्यायाम सुरू करायचे. नुसतं झोपून राहिलात तर मिळालेली सवलत वाया जाते.

कशावर उपयोग होतो आणि किती?

उसण भरून किंवा वजन उचलताना अचानक कंबर धरली आणि सहा आठवड्यांहून जास्त झाले नाहीत, तर झटक्यांच्या उपचारानं दुखणं शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी दहाएक अंकांनी कमी होतं, असं २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातल्या पाहणीत आढळलं. थोडा फायदा, चमत्कार नव्हे. पुढच्या वर्षी अमेरिकी सैन्यातल्या ७५० जणांवरचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांना सहा आठवड्यांनी अधिक आराम होता. अर्थात आपल्याला जास्तीचा उपचार मिळतोय हे त्यांना माहीत होतं, तेव्हा त्या आकड्यांतला काही भाग अपेक्षेचाही असणार.

जुनाट कंबरदुखीत हा उपचार व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी जे पर्याय सुचवलेत, त्यांत व्यायाम, माहिती देऊन समजावणं आणि मालिश यांच्यासोबत मणक्यांवरचा हा उपचारही आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं मात्र त्यांनी नाकारलं आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचनांत एक अट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते: असा हातांचा उपचार एकटा द्यायचा नाही, व्यायामाच्या जोडीनंच द्यायचा.

मानदुखी आणि मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीसाठी पुरावा याहून कमकुवत आहे. पायात कळ उतरणाऱ्या सायटिकाचंही तसंच.

'पण मला एका झटक्यात बरं वाटलं!'

यावर माझा विश्वास आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. अचानक उठलेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. आपण उपचाराला जातो तेव्हा दुखणं अगदी शिगेला पोचलेलं असतं, म्हणजे त्यानंतर ते उतरण्याचीच शक्यता जास्त. उतारावर जो भेटतो त्याला श्रेय मिळतं, मग तो कायरोप्रॅक्टर असो, गोळी असो की मलम. एकट्या माणसाच्या अनुभवावरून हे वेगळं काढता येत नाही, म्हणून तर शेकडो रुग्णांची तुलना करावी लागते.

दमा, कान, रडणारं बाळ

दमा, कानाचे आजार, रक्तदाब, प्रतिकारशक्ती, तान्ह्या बाळाचं पोटदुखीनं रडणं यांवर मणक्यांचे झटके चालतात याला विश्वासार्ह पुरावा नाही. ब्रिटनमध्ये यावरून मोठा खटला झाला. लहान मुलांच्या अशा आजारांबद्दलचे दावे पुराव्याविना केले जातात असं लिहिणारे विज्ञानलेखक सायमन सिंग यांच्यावर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशननं २००८ मध्ये बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये संघटनेनं तो मागं घेतला. पुढं २०१३ मध्ये तिथला बदनामीचा कायदा बदलला, त्यामागच्या गाजलेल्या प्रकरणांपैकी हे एक.

बाळांच्या बाबतीत मी कुठलीही सवलत देणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक मंडळानं २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांना झटके न देण्याचं धोरण आणलं. मध्यंतरी ते शिथिल झालं, तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी आक्षेप घेतला आणि २०२४ मध्ये ते पुन्हा लागू झालं. बाळ खूप रडत असेल तर बालरोगतज्ज्ञ गाठा.

धोका किती? विशेषतः मानेचा

उपचारानंतर अंग ठणकणं, जडपणा किंवा थोडी डोकेदुखी सुमारे निम्म्या रुग्णांना होते आणि बहुधा दिवसभरात जाते. त्याची भीती नको.

गंभीर धोका विरळा आहे, पण तो तुम्हाला आधी सांगितला गेलाच पाहिजे. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर तिथं रक्ताची गाठ धरते, ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. मानेच्या झटक्यानंतर असं घडल्याच्या नोंदी आहेत. झटक्यामुळेच घडलं का, यावर वाद आहे. कॅनडात २००८ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की असा पक्षाघात झालेल्या तरुण रुग्णांत आदल्या दिवसांत कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेल्यांचं प्रमाण जास्त होतं, आणि साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांचंही तसंच जास्त होतं. म्हणजे अनेकांच्या रक्तवाहिनीला चीर आधीच पडलेली असावी, तिच्यामुळे मान आणि डोकं दुखत होतं आणि म्हणूनच ते उपचाराला गेले असावेत.

हा युक्तिवाद ऐकून काही जण निर्धास्त होतात. मला तो उलट अधिक सावध करतो. चीर आधीच पडलेली असेल, तर त्या मानेला झटका देणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट. अमेरिकन हार्ट असोसिएशननंही २०१४ मध्ये म्हटलं की हा संबंध रुग्णाला झटक्याआधी सांगितला जावा. मानेच्या दुखण्यावर हळुवार हालचाली आणि व्यायाम हे पर्याय उपलब्ध असताना पहिल्याच भेटीत मानेला झटका घेऊ नये, असा माझा सल्ला आहे. 'मानेला झटका नको' एवढं सांगायचा अधिकार तुम्हाला आहे, टेबलावर झोपल्यानंतरही.

आधी डॉक्टरकडेच जावं असं केव्हा?

लघवी अडली असेल किंवा सुटलेली कळत नसेल, मांड्यांच्या आतली बाजू आणि बैठकीची जागा बधिर झाली असेल, पायातलं बळ जात चाललं असेल तर तडक रुग्णालय. यात तासांचा उशीरही महागात पडतो. कंबरदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग, नुकतंच पडणं-आपटणं, ठिसूळ झालेली हाडं, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरचं मत घ्या. आणि मान किंवा डोकं असं दुखू लागलं असेल की 'आजवर असं कधी दुखलं नव्हतं', तर त्या मानेला कुणालाही हात लावू देऊ नका.

पहिली भेट कशी असावी?

चांगल्या पहिल्या भेटीतला बराचसा वेळ विचारण्यात आणि तपासण्यात जातो. तुम्ही कसे चालता, कुठवर वाकता हे पाहिलं जातं. उताणं झोपवून एक पाय सरळ ठेवत हळूहळू वर उचलला जातो आणि कळ नेमकी कुठवर उतरते ते विचारलं जातं. गुडघ्याखाली आणि टाचेमागे छोट्या हातोडीनं टिचकी मारतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून त्याला दाबून पाहतात. यांतून नस कुठं दबली आहे का याचा अंदाज येतो. एवढं न करता जो थेट टेबलावर झोपवतो, त्याच्याकडे व्हिडिओत कितीही गर्दी दिसत असली तरी परत जाऊ नका.

मग विचारायचं: मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? काय करणार आहात, आणि न केल्यास काय होईल? किती दिवसांत फरक दिसायला हवा? नाही दिसला तर पुढं काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. 'मग डॉक्टरकडे पाठवीन' म्हणणारा माणूस विश्वासाचा.

एक्स-रे काढावाच लागतो का?

बहुधा नाही. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआय काढू नये, असं अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननंच २०१७ मध्ये सांगितलं आहे. कारण चित्रात काहीतरी सापडतंच. ज्यांना अजिबात कंबरदुखी नाही अशा हजारो लोकांची चित्रं २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजू लागलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के. गादी फुगलेली तर विशीतही ३० टक्के लोकांत होती. तेव्हा 'गॅप आलाय', 'गादी सरकलीय' असं सांगून कुणी फिल्म उजेडात धरली, तर तेच तुमच्या दुखण्याचं कारण आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

किती वेळा जावं लागेल?

दोन ते चार आठवडे, मोजक्या भेटी, आणि त्यानंतर आढावा. उपचार सुरू करण्याआधी जमत नसलेल्या एक-दोन गोष्टी लिहून ठेवा: वाकून बूट घालणं, सलग अर्धा तास बसणं. त्या जमू लागल्या का, यावरून ठरवा. फरक नसेल तर थांबा. वर्षभराचे पैसे आगाऊ भरून घेणारी योजना नाकारा, सूट कितीही असो.

कायम जात राहण्यात काहीच अर्थ नाही का? पुन्हा पुन्हा उठणाऱ्या कंबरदुखीपुरता थोडा आहे. स्वीडनमधल्या २०१८ च्या अभ्यासात, ज्यांना सुरुवातीलाच चांगला गुण आला होता अशांपैकी काहींना ठरावीक अंतरानं बोलावलं, काहींना दुखलं तरच. ठरावीक अंतरानं जाणाऱ्यांचे त्रासाचे दिवस वर्षात सुमारे १३ नं कमी झाले, भेटी साधारण दोन वाढल्या. ज्याला पहिल्या काही भेटींत गुण आलाच नाही, त्याला हा अभ्यास लागू नाही.

घरी आल्यावर

थोडं ठणकत असेल तर शेक घ्या, हलकं चाला, नेहमीची कामं जमतील तशी करा. पण मानेवर उपचार झाला असेल आणि त्यानंतरच्या तासांत किंवा दिवसांत भोवळ, एकाची दोन दिसणं, जीभ जड होणं, पापणी खाली पडणं, तोल जाणं किंवा चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं यांपैकी काहीही झालं, तर कायरोप्रॅक्टरला फोन करत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की मानेला झटका दिला होता आणि तो केव्हा दिला होता.